तळीतली पाचवी जागा

आप्पा, तुम्ही वांगं खाऊन गेलात, हे आम्ही घरात एकमेकांना कितीदा सांगितलं असेल त्याला मोजदाद नाही. भेटायला आलेल्या माणसालाही आई डोळे पुसून आधी हेच सांगते. दर वर्षी आषाढी एकादशीपासून तुम्ही वांग्याला शिवत नसायचात. परड्यात झाडं लगडलेली असायची, आम्ही पोरं आडोशाला जाऊन खायचो आणि तुम्हाला ते माहीतही असायचं. पण तुम्ही स्वतः चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात घातलं नाही. यंदा श्रावणात दम्यानं तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा बैलगाडीत आईच्या खांद्याला टेकून तुम्ही म्हणालात, "ह्या साली वांगं मिळत न्हाई वाटतं." मरणाची भीती तुम्ही एवढ्याच शब्दांत बोलून दाखवलीत.

पण मिळालं. चंपाषष्ठीला मिळालं, आणि त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तुम्ही आईला भरीतच करायला लावलं. चौथ्या दिवशी नाना ताटाकडं बघत म्हणाले, "आप्पा, पुढल्या आषाढापत्तुर पोटात साठा करतुयास व्हय?" थोरल्या भावाच्या चेष्टेवर तुम्ही हसलात. हसताना खोकला आला नाही, हे मी टिपून ठेवलं होतं.

आणि मग तो रविवार. तुम्ही सकाळी अंघोळ केली, चहा घेतला आणि घोंगडं पांघरून अंगणात उन्हाला बाजेवर बसलात. मी पलीकडं वह्या तपासत होते. तुम्ही भिंतीला टेकलात. मला वाटलं, डोळा लागला. धाप नाही, घरघर नाही, "दार उघडा, वारा येऊ द्या" नाही. तीन हिवाळे आम्ही ज्या मरणाला भ्यालो होतो ते आलंच नाही. दुसरंच एक आलं, उन्हासारखं. आईनं हंबरडा फोडला आणि मीही रडले. पण आप्पा, आज खरं लिहिते, त्या रडण्याच्या तळाशी मला सुटल्यासारखं वाटलं. स्वतःसाठी नव्हे, तुमच्यासाठी. याची लाज वाटावी की नाही, हे तुम्हालाच विचारलं असतं.

आपल्या घरी हिवाळा तुमच्या चुलीपासून सुरू व्हायचा. बाहेरच्या पडवीतली ती तीन दगडांची चूल, तिच्यावर काळा पडलेला हंडा. दिवाळी झाली की अंघोळीचं पाणी तापवायचं काम तुम्ही आईकडून काढून घ्यायचात. आम्ही लहान होतो तेव्हा ते समजण्यासारखं होतं. पण दादाचं लग्न झालं, बबन दौंडला रेल्वेत खलाशी म्हणून लागला, मी हायस्कुलात शिकवायला लागले, तरी पाणी तुम्हीच तापवत राहिलात. कोण आधी निघणार त्या क्रमानं हाक यायची. बबनला सकाळच्या गाडीनं दौंडला जायचं म्हणून त्याची बादली पहिली, मग माझी, मग दादाची. वहिनी नवी आली तेव्हा सासऱ्यानं बादली भरून ठेवलेली बघून तिला रडू फुटलं होतं. बबन एकदा म्हणाला, आप्पा, आता मला मिशा आल्यात, माझं पाणी मी काढीन. तुम्ही म्हणालात, "मिशांना बी ऊनच पानी लागतं."

मी कॉलेजला पुण्याला जायची तेव्हा त्याच चुलीच्या राखेत तुम्ही रताळं पुरून ठेवायचात. वस्तीवरून यवतच्या स्टेशनापर्यंतची पायवाट, दोन्ही बाजूंना दवानं भिजलेली ज्वारी, पुढं तुम्ही घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेतलेले आणि मागं मी. रताळं कागदात गुंडाळून माझ्या हातात द्यायचात आणि म्हणायचात, "आधी हाताला, मंग पोटाला." चार वर्षं. शटल आली की डब्यातल्या पोरी तुमच्याकडं बघायच्या आणि मी मान खाली घालायची. मला तुमच्या घोंगड्याची लाज वाटायची, आप्पा. तुम्हाला ते कळत होतं, कारण दुसऱ्या वर्षापासून तुम्ही फलाटावर यायचं सोडलंत आणि अलीकडच्या बाभळीखाली थांबू लागलात. याबद्दल आपण कधी बोललो नाही. मात्र गाडी सुटताना मी खिडकीतून बाभळीकडं बघायची. दर वेळी बघायची. तेवढं तरी तुम्हाला दिसलं असेल.

आपल्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. तुम्ही मेंढरं विकून एका जागी शेती करायला लागलात, त्याचं कारण विचारलं की म्हणायचात, "शाळा काय मेंढरामागं फिरती व्हय?" नानांना ते कधी पटलं नाही. त्यांच्या लेखी मेंढरं गेली तिथंच धनगराचं अर्धं घर गेलं. उरलेलं अर्धं घर म्हणजे खंडोबा, आणि त्या अर्ध्या घराचे कायदे नानांच्या हातात होते.

त्यातलाच एक कायदा तळीचा. चंपाषष्ठीला देवापुढं घोंगडी अंथरायची, पितळी ताटात पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याची वाटी आणि भंडारा ठेवायचा, पाच पुरुषांनी पाच बाजूंनी ताट धरून येळकोट म्हणत तीनदा वर उचलायचं. तुम्ही, नाना, दादा, बबन असे घरचे चार. पाचवे कालव्यापलीकडचे गेनूमामा. माझ्या कळत्या वयापासून हाच पाचांचा मेळ. मी आणि आई दाराच्या चौकटीशी उभ्या.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या हिवाळ्यात मी बी.ए. झालेली होते. त्या चंपाषष्ठीला गेनूमामा आले नाहीत. तुम्ही म्हणालात, तो लेकीकडं मांडवगणला गेलाय. चौघं बसले, एक बाजू रिकामी. दादा म्हणाला, रस्त्यावरून कुणाला तरी हाक मारतो. तुम्ही त्याला बस म्हणालात आणि दाराकडं बघितलंत.

"शालू, ये. बस हितं."

नाना बोलले. पोरीनं तळी उचलायची? बापजाद्यांत कवा झालंय का? तुम्ही त्यांच्याकडं न बघता घोंगडीवरची सुरकुती सारखी करत होता, माझ्या बसण्याच्या जागेची.

आणि मी काय केलं, आप्पा? चार वर्षं शिकलेली सगळी अक्कल मला तेवढ्या क्षणी आठवली. मी विचारलं, "गेनूमामा आले असते तर बोलावलं असतंत का मला?"

तुम्ही ताटातल्या सुपाऱ्या मांडत राहिलात.

"पुरुष कमी पडला म्हणून बाई. असल्या जागेवर मी बसणार नाही."

मला वाटलं होतं तुम्ही रागवाल. नाना रागावले, दादा रागावला. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात आणि ताटाला हात लावलात. पाचवी बाजू मोकळीच ठेवून चौघांनी तळी उचलली. ताट माझ्या जागेकडं कललं, खोबऱ्याची वाटी घसरत कडेला आली आणि बबननं ती हनुवटीनं अडवली. नाना करवादले, "चौघांची तळी आस्ती व्हय कुठं?"

तुम्ही म्हणालात, "पाचच हायेत. एक उभी हाय."

पुढच्या वर्षी गेनूमामा आले. मी म्हटलं, आता माझा प्रश्न मिटला. पण तुम्ही त्यांना ताटाला बसू दिलं नाही. "गेनू, तुझा हात मोकळा बरा, तू भंडारा उधळ," म्हणून त्यांना मागं उभं केलंत. पुन्हा चौघं, पुन्हा तिरकी तळी, पुन्हा माझ्या बाजूची सुरकुती सारखी केलेली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. भावकीत चेष्टा झाली. बबन मला म्हणायचा, तुझी जागा धरून ठेवलीय, शटलमधल्या रुमालासारखी. मी हसायची, पण आत कुठंतरी पीळ बसत होता. मला वाटायचं, माझा शब्द तुम्हाला लागला आणि आता तुम्ही तो दरवर्षी मला असा परत दाखवताय. आधी गरज म्हणून बोलावलंत, आता टोचणी म्हणून जागा ठेवताय. मूळ प्रश्नाचं उत्तर तर दिलंच नाहीत. वर्गात मी मुलांना सांगायची की प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत जागचं हलू नये. घरात मी तेच करत होते, चौकटीला टेकून.

त्याच सुमाराला मला शिरूरच्या शाळेत जागा मिळत होती. तिथं खोली करून राहावं लागलं असतं. लोक म्हणत, लग्न न्हाई, तर निदान नोकरीच्या गावी तरी जाऊ द्या, पंचवीस वर्षांची पोरगी किती दिवस घरात ठेवणार. तुम्ही मला जा म्हणाला नाहीत, राहा म्हणालाही नाहीत. मी गावातल्याच हायस्कुलात राहिले. मनात एक भीती मात्र होती, की तुम्हाला माझा भार होत असेल आणि तुम्ही तो बोलून दाखवत नसाल. हे मी तुम्हाला विचारलं नाही. तळीवर इतकं भांडणारी मी, हे विचारायला मात्र धजले नाही.

यंदाच्या चंपाषष्ठीला तुम्ही घोंगडीवर बसलात तेव्हा बसतानाच तुमचा हात जमिनीवर टेकला. चार वर्षांत तुमचं मनगट केवढं बारीक झालं होतं. गेनूमामा भंडाऱ्याची वाटी घेऊन मागं उभे होतेच. तुम्ही ताटाच्या कडेला बोटं लावलीत आणि दुसऱ्या हातानं पाचव्या बाजूची घोंगडी सारखी केलीत. तोंडानं बोलावलं नाहीत. बोलावणं तुम्ही चार वर्षांपूर्वीच करून ठेवलं होतं.

मी उत्तराची वाट बघायची सोडून दिली. खरं म्हणजे काही ठरवलंच नाही. पदर डोक्यावरून घेतला आणि येऊन बसले. नाना काहीतरी बोलणार होते. त्यांनी तोंड उघडलं, तुमच्या मनगटाकडं बघितलं आणि ताट धरलं.

येळकोट म्हणत आम्ही पाचांनी ताट उचललं. तळी सरळ वर गेली. तीनही वेळा सरळ. गेनूमामांनी इतका भंडारा उधळला की आईच्या केसांत दोन दिवस पिवळं राहिलं. दारातल्या कुत्र्याला रोडगा घातला, सगळे जेवायला बसले आणि तुम्ही पहिला घास भरताचा घेतलात.

जेवणं झाल्यावर पडवीत तुम्ही मला विचारलंत, "जड लागली का गं?"

मी म्हणाले, "न्हाई, आप्पा. पाच जणांत काय जड?"

"चौघांना लागत हुती," तुम्ही म्हणालात.

एवढंच. आपलं चार वर्षांचं भांडण एवढ्यावर मिटलं असं मला वाटलं. त्या रात्री मी शांत झोपले. आपल्याला वेळ मिळाला, यंदा बसले हे बरं झालं, पुढच्या वर्षावर टाकलं नाही, असं म्हणत झोपले. त्यानंतर नऊच दिवस.

पण मिटलं नव्हतं, आप्पा. एक गोष्ट राहिली होती आणि ती तुम्ही मला सांगितली नाहीत. ती गेनूमामांनी सांगितली.

दहाव्याला नदीवरून परतताना मामा माझ्याबरोबर मागं राहिले. कालव्याच्या पुलाशी थांबून त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, शालूबाई, एक सांगायचं हाय, आप्पानं न्हाई म्हणलं हुतं, पर आता तोच न्हाई. मला वाटलं, काही देणंघेणं असेल. ते म्हणाले, "त्या साली म्या मांडवगणला गेलोच न्हवतो. घरातच हुतो. तुझ्या बापानं आदल्या दिशी येऊन सांगितलं, गेन्या, उद्या येऊ नगंस."

मला काही कळेना. मामांनी समजावून सांगितलं. तुम्हाला मला तळीला बसवायचं होतं. पोरगी ग्रॅज्युएट झालीय, घरातलं एवढं शिकलेलं माणूस चौकटीशी कसं उभं राहणार, असं तुम्ही त्यांना म्हणाला होता. पण पाच पुरुष हजर असताना माझं नाव काढलं असतं तर नानांनी घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून तुम्ही एक पुरुष कमी केलात. पुरुष कमी पडला नव्हता, आप्पा. तुम्ही तो घरी बसवला होता.

आणि मी भर घरात तुम्हाला विचारलं, गेनूमामा आले असते तर बोलावलं असतंत का.

मी पुलाच्या कठड्यावर बसले. मामांना विचारलं, मग चार वर्षांत एकदा तरी सांगायचं ना मला. मामा म्हणाले, "म्या म्हणलं की त्याला, पोरीला खरं सांगून टाक. तर म्हणला, नगं. वाद घालाया तर शिकवली तिला. सांगितलं तर माझ्यासाठी बसंल."

तेव्हापासून मी या गोष्टीकडं सगळ्या बाजूंनी बघते आहे. पहिल्या दिवशी फार वाईट वाटलं. आपल्याच बापावर आपण काय आरोप केला आणि त्यानं तो चार वर्षं कसा गिळला, याचंच रडू येत राहिलं. पण काल सकाळी पडवीतल्या चुलीवर पाणी ठेवताना वेगळंच सुचलं. (आता पाणी मी तापवते. बबनची बादली पहिली. त्याला मिशांवरून काही बोलायचं होतं, पण बोलला नाही.) सुचलं ते असं, की हे मला आधी कळलं असतं तर मी अपराधी होऊन बसले असते, तुमची क्षमा मागायला बसले असते. आणि मी बसलेच नसते आणि हे तुम्ही गेल्यावर कळलं असतं, तर उरलेला जन्म मी ती चौकट सोडली नसती. मी बसले ती या दोन्हींच्या मधे. काही माहीत नसताना, नुसतं तुमच्या शेजारी बसावंसं वाटलं म्हणून. तुम्हाला हेच हवं होतं ना? मग तुमचं आणि माझं दोघांचंही झालं, आप्पा. माझ्या छातीवरचा दगड उतरला आहे. दुःख आहे, पण त्यात आता टोचणी नाही.

भाराचं मात्र विचारायचं राहिलं. त्याचंही उत्तर मी त्या पडवीतल्या तुमच्या बोलण्यात शोधते. मी बसले तेव्हा तळी हलकी झाली, मी नव्हते तेव्हा जड लागत होती, असंच म्हणालात ना? मी तसंच धरून चालते. चुकत असेन तर वाद घालायला तुम्ही नाही आहात, तेव्हा या वेळी मीच जिंकले.

घरचं सांगते. नाना तुमच्या बाजेवर बसत नाहीत, शेजारी जमिनीवर बसतात. परड्यात अजून वांगी आहेत. आई ती तोडते, शेजारी वाटते, आपल्यात करत नाही. परवा ती म्हणाली, पुढच्या चंपाषष्ठीला दारात सुद्धा उभी राहणार नाही, कपाळ मोकळं झालेल्या बाईनं देवाच्या कामात कशाला यायचं. नानांनी मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची, मला समजली नाही.

पुढच्या वर्षी ताटाला नाना, दादा, बबन आणि मी. पाचवे गेनूमामा, असं सगळे धरून चाललेत.

काल मी कालवा ओलांडून मामांकडं गेले. त्यांना म्हणाले, मामा, पुढच्या चंपाषष्ठीला तुम्ही लेकीकडं मांडवगणला जा.

मामा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांना हसू आलं आणि हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. म्हणाले, "आन् तुझी आय न्हाई म्हणली तर?"

मी म्हणाले, "म्हणू दे, मामा. तरी पाचच असू. एक उभी असेल."